पानातलं पाणी आणि हवेतला कार्बन: पर्णरंध्रं घरच्या घरी बघायची कशी

हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पानाला आपली बारीक छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, उघडावी लागतात. छिद्रं उघडली की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. झाडाला यातून सुटका नाही. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असं पानांवाटे हवेत जातं आणि अगदी थोडं झाडाच्या अंगी लागतं. म्हणून कुणी याला पाण्याची नासाडी म्हणतं. मला ते अजिबात पटत नाही. पानातून गेलेल्या पाण्याच्या बदल्यात झाड साखर बनवतं. त्याच रानात उघड्या जमिनीवरून उडून जाणाऱ्या पाण्याच्या बदल्यात मात्र काहीच मिळत नाही. हा फरक एकदा डोळ्यांनी बघितला की कुंडीला पाणी घालण्यापासून उसाला पाणी पाजण्यापर्यंत सगळ्याकडे बघायची नजर बदलते.

तो कसा बघायचा, ते पुढे क्रमाने सांगतो. विज्ञान शिकलेलं असण्याची गरज नाही.

सौदा इतका महाग का

प्रयोगाआधी दोन आकडे डोक्यात ठेवा. आपल्या आजूबाजूच्या हवेत दर १० लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे रेणू सुमारे ४२० असतात. पानाच्या आतली पोकळी मात्र वाफेने जवळजवळ भरलेली असते. पानाचं तापमान ३० अंश असेल तर तिथे दर १० लाखांमागे वाफेचे ४० हजारांहून जास्त रेणू असतात. छिद्र एकच, त्यातून आत यायला बघणारे मोजके आणि बाहेर पडायला बघणारे त्याच्या कितीतरी पट. शिवाय पाण्याचा रेणू हलका, त्यामुळे तो हवेतून पसरतोही जास्त वेगाने.

याचा परिणाम असा की सोयाबीन, भात, भुईमूग अशा पिकांना कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना पाण्याचे साधारण ४०० ते ५०० रेणू गमवावे लागतात. वजनात सांगायचं तर १ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे २०० ग्रॅम पाणी. हा २०० चा आकडा लक्षात राहू द्या, कुंडीच्या प्रयोगात तो लागणार आहे.

काय जमवायचं आणि कधी करायचं

सूक्ष्मदर्शक हवा. शाळेतला साधा, १० पटीचं नेत्रभिंग आणि ४० पटीचं वस्तुभिंग असलेला, म्हणजे एकूण ४०० पट मोठं दाखवणारा चालतो. ओळखीचे विज्ञान शिक्षक असतील तर शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडून द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक मनू प्रकाश यांच्या गटाने २०१४ मध्ये जगापुढे आणलेला कागदी फोल्डस्कोपही कामाला येतो. तो सुमारे १४० पट मोठं दाखवतो. त्यात छिद्रं दिसतात, पण ती उघडी की मिटलेली हे ओळखायला डोळे ताणावे लागतात.

याखेरीज काचपट्ट्या, कव्हर स्लिप (वरून झाकायची पातळ काच), बिनरंगी नेलपॉलिश, पारदर्शक चिकटपट्टी, व्हॅसलीन, मीठ, सामू (pH, म्हणजे आंबटपणा) बघायच्या पट्ट्या आणि दोन वजनकाटे लागतील. एक स्वयंपाकघरातला, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. दुसरा सोनं-चांदी तोलायचा छोटा डिजिटल, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफांना आणि चांदीसाठी प्रसिद्ध हुपरीला जवळ असलेल्या माणसाला असा काटा कुठे मिळतो हे सांगायला नको.

कोल्हापुरात यासाठी सगळ्यात चांगला काळ म्हणजे फाल्गुन-चैत्र. हवा कोरडी, ऊन भरपूर, आणि वळीव अजून लांब. आषाढात हेच प्रयोग केले तर निकाल येतात, पण इतके मंद की नवख्या माणसाला वाटावं काही घडतच नाही.

पहिली पायरी: रिओचं पान

सुरुवात आंब्याच्या किंवा उसाच्या पानाने करू नका. रिओ नावाचं बागेतलं शोभेचं झाड घ्या. पट्ट्यासारखी लांब पानं, वरून हिरवी आणि खालून जांभळी. कुठल्याही रोपवाटिकेत स्वस्तात मिळतं. याच्या खालच्या बाजूची त्वचा सालासारखी सहज सुटते आणि रंगामुळे वेगळं काही माखायची गरज पडत नाही.

रोप सकाळी दोन-तीन तास चांगल्या उजेडात राहू द्या. नऊ-दहाच्या सुमारास एक पान तोडा, जांभळी बाजू वर धरून ते तिरपं फाडा. फाटलेल्या कडेला जांभळी, पातळ, आरपार दिसणारी झिल्ली लोंबेल. तिचा नखाएवढा तुकडा कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा आणि वरून कव्हर स्लिप एका बाजूने हळूहळू टेकवा. एकदम टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात, आणि काळ्या कडेचा गोल बुडबुडा म्हणजेच पर्णरंध्र अशी नवख्याची समजूत होते.

आधी कमी ताकदीच्या भिंगाने बघा. जांभळ्या षटकोनी पेशींची फरसबंदी दिसेल, आणि तिच्यात मधूनमधून फिकट जागा. त्या फिकट जागेच्या मधोमध दोन हिरव्या, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पेशी समोरासमोर बसलेल्या असतात. या रक्षक पेशी. त्यांच्यामधली फट हे पर्णरंध्र. आता ४०० पटीवर या आणि पाच मिनिटं एकाच रंध्रावर नजर ठेवा. रक्षक पेशींत हिरवे कण दिसतील. आजूबाजूच्या जांभळ्या पेशींत ते नसतात. फटीकडची रक्षक पेशीची भिंत जाड असते आणि बाहेरच्या बाजूची पातळ. शिवाय पेशीभोवती तंतूंचे वेढे असतात, त्यामुळे पाणी भरलं की ती जाड न होता लांबते आणि बाहेरच्या अंगाला वाकते. दोन्ही पेशी वाकल्या की मधली फट रुंदावते. पाणी कमी झालं की त्या ढिल्या पडतात, फट मिटते.

हे घडताना बघायचं असेल तर मिठाचं पाणी लागतं. अर्धा पेला, म्हणजे साधारण १०० मिलिलिटर पाण्यात चहाचा एक चमचा मीठ विरघळवा. कव्हर स्लिपच्या एका कडेला त्याचा एक थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागदाचा तुकडा टेकवा. कागद साधं पाणी शोषून घेतो आणि खारं पाणी आत ओढलं जातं. डोळा भिंगावरच ठेवा. काही मिनिटांत जांभळ्या पेशींतला रंग भिंतीपासून सुटून आत गोळा होऊ लागतो आणि उघडी फट मिटत जाते. लगेच साधं पाणी आत ओढून घेतलं तर पेशी पुन्हा भरतात. फार उशीर केला तर मात्र त्या मरतात, मग काही हलत नाही.

जिवंत पानात मीठ घालायला कुणी जात नाही. तिथे काम पोटॅशियम करतं. सकाळच्या उजेडातला निळा भाग रक्षक पेशींना कळतो. त्या हायड्रोजनचे आयन (विद्युतभार असलेले कण) बाहेर फेकतात, त्या बदल्यात पोटॅशियमचे आयन आत येतात, आणि क्षार वाढले म्हणून मागोमाग पाणी आत शिरतं. माती सुकायला लागली की अबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक रक्षक पेशींपर्यंत पोचतं, पोटॅशियम बाहेर जातं, पाणीही जातं, रंध्र मिटतं. रानात पोटॅश कमी पडलं की पिकाला पाण्याचा ताण सोसत नाही असं अनुभवी शेतकरी सांगतात, त्यामागचं एक मोठं कारण या दोन पेशींमध्ये आहे.

तुलनेसाठी रात्रभर काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेलं एक पान त्याच वेळी सोला. त्यातली बहुतेक रंध्रं मिटलेली असतील. दोन्ही काचपट्ट्या शेजारी ठेवून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

दुसरी पायरी: नेलपॉलिशचा ठसा आणि मोजणी

प्रत्येक झाडाची त्वचा रिओसारखी सुटत नाही. तिथे ठसा घ्यायचा. पानाची खालची बाजू हलक्या हाताने पुसा, त्यावर बोटाच्या पेराएवढ्या जागेत बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्या, १५ मिनिटं वाळू द्या. मग चिकटपट्टी दाबून चिकटवा आणि सावकाश उचला. पॉलिशचा पापुद्रा पट्टीसोबत निघतो. ती पट्टी तशीच काचपट्टीवर चिकटवून बघा. पाणी नको, कव्हर स्लिप नको.

आंबा, जास्वंद, मनीप्लांट यांचे ठसे छान येतात. भोपळा, सूर्यफूल अशा केसाळ पानांचे येत नाहीत. कण्हेरीचं पान तर मुद्दाम करून बघा: ठशात रंध्रं सापडतच नाहीत, दिसतात ते खड्डे. कण्हेरीची रंध्रं पानाच्या पाठीवरच्या खोल खळग्यांत असतात आणि खळग्यात केस असतात. तिथली दमट हवा वाऱ्याने लवकर उडून जात नाही, त्यामुळे पाणी कमी जातं. रस्त्याच्या दुभाजकावर, दोन्हीकडून गरम हवा खात कण्हेर हिरवीगार राहते त्यामागे ही रचना आहे.

आंब्याच्या पानाच्या वरच्या बाजूचाही ठसा घ्या. रंध्रं मिळणार नाहीत. बहुतेक मोठ्या झाडांची रंध्रं खालीच असतात, ऊन थेट न लागणाऱ्या बाजूला. कमळ आणि कुमुदिनीचं उलट आहे. तरंगणाऱ्या पानाची खालची बाजू पाण्याला टेकलेली, म्हणून रंध्रं वरच्या बाजूला.

उसाचा ठसा घ्यायला फड गाठायची गरज नाही, वैरणीला आणलेल्या वाढ्यातलं ताजं पान चालतं. धार आणि कुसं सांभाळा. उसाच्या पानात दोन्ही बाजूंना रंध्रं असतात, खाली जास्त, आणि ती शिरांना समांतर ओळींत बसलेली असतात. गवतवर्गातल्या झाडांच्या रक्षक पेशी मूत्रपिंडासारख्या नसतात. दोन्ही टोकांना फुगीर आणि मध्ये सरळ, व्यायामशाळेतल्या डंबेलच्या घडणीच्या असतात. टोकं थोडी फुगली तरी मधली फट झटकन उघडते. म्हणूनच गवतांची रंध्रं उन्हा-सावलीच्या बदलाला लवकर प्रतिसाद देतात.

मोजणी अशी करा. नेत्रभिंगावर १०x/१८ असं काही लिहिलेलं असतं. यातल्या १८ ला वस्तुभिंगाच्या पटीने, म्हणजे ४० ने भागा: ०.४५ मिलिमीटर. एवढा व्यास तुम्हाला एका वेळी दिसतो. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ०.१६ चौरस मिलिमीटर. त्या वर्तुळात १६ रंध्रं दिसली तर एका चौरस मिलिमीटरला १०० झाली. पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी घ्या. बहुतेक झाडांत हा आकडा ५० ते ३०० च्या दरम्यान येतो.

सगळी रंध्रं पूर्ण उघडी धरली तरी त्यांचं क्षेत्रफळ पानाच्या एक-दोन टक्केच भरतं. तरी पान जितकं पाणी सोडतं ते या मानाने पुष्कळ जास्त असतं. ब्राउन आणि एस्कम यांनी १९०० मध्ये याचं कारण दाखवलं: बारीक छिद्रातून वायू पसरण्याचा वेग छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरत नाही, व्यासावर ठरतो. छिद्राच्या कडेने रेणू सगळ्या दिशांना पसरतात. एक मोठं भोक पाडण्यापेक्षा तेवढ्याच क्षेत्रफळाची बारीक भोकं पाडली तर वाहतूक कितीतरी वाढते. पानाला कार्बन मिळतो तो या भूमितीमुळे, आणि पाणी जातं तेही तिच्यामुळेच.

तिसरी पायरी: चार पानं आणि व्हॅसलीन

आंब्याची सारख्या आकाराची चार पानं सकाळी तोडा. एकाला वरच्या बाजूला व्हॅसलीन लावा, दुसऱ्याला खालच्या, तिसऱ्याला दोन्ही बाजूंना, चौथं तसंच. देठाचं तोंडही चौघांचं व्हॅसलीनने बुजवा. व्हॅसलीन लावून झाल्यावर वजन करा, दोऱ्याने सावलीत टांगा आणि दर अर्ध्या तासाने तोला. तोडलेलं पान सुकायला लागलं की स्वतःच रंध्रं मिटतं, म्हणून खरा फरक पहिल्या तास-दोन तासांत दिसतो. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलात तर तो पुसट होतो. खालची बाजू बुजवलेलं पान आणि दोन्ही बाजू बुजवलेलं पान यांच्यात फारसं अंतर पडत नाही. पानाच्या मेणचट थरातून जाणारं पाणी किती थोडं असतं ते यावरून कळतं.

चौथी पायरी: कुंडी तोलणे

सगळ्या प्रयोगांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो. इंग्लंडातले धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी १७२४ मध्ये कुंडीतलं सूर्यफूल हेच करून तोललं होतं. कुंडीचं तोंड त्यांनी शिशाच्या पत्र्याने बंद केलं होतं. आपल्याला प्लास्टिकची पिशवी पुरते.

चार-पाच इंची कुंड्यांत मका आणि सोयाबीन लावा, रोपं वीतभर होऊ द्या. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी घाला, निथळू द्या. सकाळी सातला कुंडी पिशवीत घालून पिशवीचं तोंड खोडाभोवती सुतळीने बांधा, म्हणजे मातीतून आणि कुंडीच्या अंगातून पाणी उडणार नाही. तिसरी कुंडी रोपाशिवाय, तशीच बांधलेली ठेवा. तिचं वजन बदललं तर तुमची बांधणी कच्ची आहे. तिन्ही गच्चीवर एकाच उन्हात ठेवा आणि सात, दहा, एक, चार, सात अशा वेळी तोला. शेवटचं वजन दुसऱ्या दिवशी सकाळी सातला.

घटलेलं वजन म्हणजे पानांतून गेलेलं पाणी. समजा सोयाबीनच्या कुंडीचं दिवसभरात १०० ग्रॅम वजन घटलं. २०० चा आकडा आठवा: या १०० ग्रॅमच्या बदल्यात रोपाने साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवला, आणि त्यातून बनली सुमारे पाव ते एक तृतीयांश ग्रॅम साखर. अर्धा पेला पाण्यामागे एवढीशी साखर! त्याच कुंडीभोवती पिशवी नसती तर मातीतून उडालेल्या पाण्यामागे तीही मिळाली नसती.

दोन रोपांची तुलना करायची तर पानांचं क्षेत्रफळ काढायला हवं. पानं न तोडता आलेख-कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवा आणि चौकोन मोजा. १०० चौरस सेंटिमीटर पानामागे किती ग्रॅम गेले तो आकडा लिहा.

वह्या भरल्या की दिवसाचा आकार दिसू लागतो. रात्रीची घट अगदी थोडी. सकाळी सात ते दहा चांगली सुरुवात. दहानंतर जोर. आणि चैत्रातल्या एखाद्या कडक दुपारी, माती ओली असूनही, एक ते चारची घट अपेक्षेइतकी वाढत नाही. ऊन तेच, उलट हवा जास्त तापलेली, तरी पान हात आखडतं. हवा फार कोरडी झाली की रंध्रं अर्धवट मिटतात, मग कार्बनही कमी मिळतो. म्हणजे उन्हाळ्यात झाडाची खरी कमाई सकाळच्या चार-पाच तासांत होते.

हवा किती कोरडी आहे हे कळायला उपकरण हवंच असं नाही. कुंडीशेजारी दोरीवर एक ओला सुती पंचा टाका आणि तो वाळायला किती वेळ लागतो ते वजनाच्या वहीत लिहा. मार्चमध्ये पंचा बघता बघता वाळतो, जुलैत दिवस गेला तरी दमटच. कुंडीची घट त्याच मापाने कमी-जास्त होताना दिसेल, फक्त पंचा दुपारी हात आखडत नाही आणि पान आखडतं. जिवंत असण्याचा फरक मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.

ऊस पाणी पितो का?

कोल्हापुरात हा विषय निघाला की वाद ठरलेला. मक्याच्या आणि सोयाबीनच्या कुंड्या तोललेल्या माणसाने या वादात आकड्यांनी बोलावं.

हवाईतल्या ऊस संशोधन केंद्रात ह्यूगो कोर्टशाक यांना उसाच्या पानात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. किरणोत्सारी कार्बन दिला की तो आधी अपेक्षित पदार्थात न जाता मॅलिक आणि अस्पार्टिक आम्लात दिसायचा. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला, एका साखर कंपनीच्याच प्रयोगशाळेत, हॅच आणि स्लॅक यांनी उसावर काम करूनच त्याचा उलगडा केला. ऊस, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड पकडण्याची एक जादा पायरी असते. बाहेरच्या पेशी तो चिकाटीने पकडतात आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन साठवतात. त्यामुळे रंध्रं थोडी कमी उघडूनही भागतं. अशा झाडांना एका रेणूमागे पाण्याचे सुमारे २५० रेणू खर्चावे लागतात, म्हणजे सोयाबीनच्या जवळपास निम्मे. मक्याच्या कुंडीत तेवढ्याच पाण्यात जास्त वाढ का होते, ते इथे कळतं. उसाचं पान ब्लेडने आडवं, शक्य तितकं पातळ कापून बघितलं तर शिरेभोवती गडद हिरव्या पेशींचं कडं दिसतं. मुलं करत असतील तर ब्लेड मोठ्यांनी धरावं.

मग उसाला पाणी इतकं का लागतं? कारण तो रानात वर्षभर उभा असतो, आडसाली तर १६ ते १८ महिने, आणि पूर्ण वाढलेल्या उसाची पानं जमीन झाकून वर थर लावतात. पूर्ण हंगामाची त्याची गरज १५०० ते २५०० मिलिमीटर धरतात. पाण्याच्या प्रत्येक घोटामागे ऊस चांगली कमाई करतो, पण तो घोट फार दिवस आणि फार पानांनी घेतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आणि हे पाणी पानांतून जातं आहे तोवर ठीक आहे. लागणीनंतर पहिले दोन-तीन महिने, सरी उघडी असताना, पाटाने सोडलेलं पाणी उन्हात जमिनीवरून उडतं, तो भाग वाचवण्यासारखा आहे. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट (वाळलेली पानं) न जाळता जमीन झाकायला सरीत पसरणं मला यासाठीच महत्त्वाचं वाटतं.

रात्री काम करणारी पानं

पानफुटी, कोरफड, निवडुंग आणि कातळावर वाढणारा थोर यांनी तिसरा मार्ग काढला आहे. यांची रंध्रं रात्री उघडतात, हवा गार आणि दमट असताना. रात्री आत आलेला कार्बन आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा, रंध्रं बंद ठेवून, त्याची साखर होते. पाण्याचा खर्च एका रेणूमागे ५० रेणूंच्या आसपास.

बेंजामिन हेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याच देशात नोंदवलं होतं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत ती चव जाते. तुम्ही चाखू नका, पानफुटीत विषारी द्रव्यं असतात. पहाटे सहाला एक पान ठेचून रसाचा थेंब सामूच्या पट्टीवर टाका. त्याच रोपाचं दुसरं पान संध्याकाळी पाचला. सकाळची पट्टी जास्त आम्लाचा रंग दाखवेल.

एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा. अमुक झाड रात्री ऑक्सिजन देतं म्हणून ते झोपायच्या खोलीत ठेवा, असं सांगितलं जातं. ऑक्सिजन बनायला उजेड लागतो, कारण तो पाण्याचा रेणू प्रकाशाने फोडूनच निघतो. रात्री ही झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात, ऑक्सिजन देत नाहीत.

हे रोजच्या कामात कसं वापरायचं

दुपारी भोपळ्याने, पपईने, जास्वंदीने माना टाकल्या म्हणून लगेच पाणी ओतू नका. मुळं देतात त्यापेक्षा पानं जास्त सोडत आहेत एवढाच त्याचा अर्थ. संध्याकाळी ती आपोआप सावरतात. पहाटेसुद्धा पानं मलूल असतील तर पाणी खरंच कमी आहे. आणि माती चिखल असूनही पानं मलूल असतील तर मुळांना हवा मिळत नाही. तिथे आणखी पाणी म्हणजे झाड मारणं. वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होऊ द्या.

मका आणि ऊस पानांची सुरळी करू लागले की समजा त्यांनी पानाचा उघडा पृष्ठभाग कमी केला आहे. पानाच्या वरच्या बाजूच्या काही मोठ्या पेशींतलं पाणी गेलं की पान वळतं. दुपारपुरती सुरळी चालेल, सकाळी नऊलाच दिसली तर पाण्याची पाळी लांबली आहे.

पहाटे अळूच्या, टोमॅटोच्या पानांच्या कडेला ओळीने थेंब दिसतात ते दव नव्हे. दव सगळ्या पानभर पडतं. कडेचे थेंब मुळांच्या दाबाने शिरांच्या टोकांतून बाहेर आलेले असतात, पर्णरंध्रांतून नव्हे. ते दिसले तर जमिनीत ओल पुरेशी आहे, त्या सकाळी पाण्याची झारी खाली ठेवा.

पाणी पहाटे किंवा सूर्य मावळताना द्या, म्हणजे सकाळच्या कमाईच्या वेळी मुळांजवळ ओल असेल. रोपं हलवायची तर संध्याकाळी. फांदीची कलमं लावताना मोठी पानं अर्धी कापा, मुळं फुटेपर्यंत एवढ्या पानांना पाणी पुरवणारं कुणी नसतं. जास्वंदीची फांदी सगळ्या पानांसह लावली तर ती बहुधा सुकते.

घरातल्या रोपांच्या पानांवर धूळ बसली असेल तर ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसा. धुळीने उजेड अडतो आणि रंध्रांची तोंडंही.

फवारून रंध्रं बंद करणारी औषधं सरसकट वापरू नयेत असं माझं मत आहे. रंध्र बंद म्हणजे कार्बन बंद. पाण्याची पाळी हुकलीच आणि पीक जगवायचंच आहे, अशा वेळी केओलीन बरं पडतं. ती पांढरी बारीक माती पानावर बसून ऊन परतवते, पान गार राहतं आणि रंध्रं न मिटता पाण्याचा खर्च घटतो. १० लिटर पाण्यात ६०० ते ८०० ग्रॅम, म्हणजे ६ ते ८ टक्के, आणि द्रावण सतत ढवळत राहायचं, नाहीतर पंपाचा नोझल तुंबतो. वळीव झाला की ते धुऊन जातं, आणि तोपर्यंत त्याचं काम झालेलं असतं.